वेल्डिंगचा टाका आणि चाकाचा भरवसा
गाडीचे सस्पेन्शन घरच्या घरी मजबूत करण्यामागील शास्त्र, धोके आणि कायदा

पावसाळा ओसरला की देशभरातील गॅरेजांत एकाच तक्रारीच्या गाड्या येऊ लागतात. खड्ड्यात चाक आदळल्यापासून खालून खडखड ऐकू येते, स्टिअरिंग एका बाजूस ओढते, टायर एकाच कडेला झिजतो. गाडी उचलून पाहिल्यावर चाकाला गाडीशी जोडणाऱ्या लोअर आर्मवर बारीक तडा दिसतो. नव्या भागाला काही हजार रुपये लागणार असतात आणि वेल्डिंगचा टाका काही शे रुपयांत मारून मिळतो. त्यातच लहान आकाराची, घरगुती वीजजोडणीवर चालणारी इन्व्हर्टर वेल्डिंग यंत्रे आता सहज विकत मिळतात. त्यामुळे अनेक हौशी वाहनमालक हे काम स्वतःच्या अंगणात किंवा इमारतीच्या वाहनतळावर करू लागले आहेत. काही जण तडा जाण्याचीही वाट पाहत नाहीत. डोंगराळ वाटांवर जायचे म्हणून ते चांगल्या भागावरच जादा पोलादी पट्टी चढवतात.

अशी पट्टी चढवलेला भाग डोळ्यांना निश्चितच भक्कम दिसतो. हाताने वाकवून पाहिला तर वाकतही नाही. तथापि, सस्पेन्शनचे भाग बहुतेक वेळा एका मोठ्या भाराने मोडत नाहीत. लहान भार लाखो वेळा सोसून ते मोडतात. या दोन प्रकारच्या मोडण्यातील फरक समजल्याशिवाय वेल्डिंगने भाग बळकट झाला की दुबळा झाला, हे ठरवता येत नाही.

सस्पेन्शन काय सोसते?

साध्या प्रवासी मोटारीचे वजन हजार ते बाराशे किलोग्रॅमच्या आसपास असते. गाडी उभी असताना प्रत्येक चाकावर त्यापैकी सुमारे पाव भार येतो. गाडी धावू लागली की हा भार स्थिर राहत नाही. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळते त्या क्षणी तो कित्येक पटींनी वाढतो. ब्रेक लावला की तोच आर्म मागे ओढला जातो, वळणावर तो बाजूने दाबला किंवा ताणला जातो.

गाडीचा सांगाडा स्प्रिंगवर साधारणपणे सेकंदाला एकदा ते दीड वेळा वरखाली होतो. खडबडीत रस्त्यावर चाक स्वतः त्याच्या सुमारे दहापट वेगाने थरथरते. केवळ सांगाड्याच्या हालचाली धरल्या तरी एका तासाच्या प्रवासात साडेतीन हजारांहून अधिक हेलकावे होतात. तीनशे तासांच्या प्रवासात ही संख्या दहा लाखांच्या पुढे जाते. प्रत्येक हेलकाव्यात आर्म, त्याचे बुश, बॉल जॉइंट आणि ज्या सबफ्रेमला तो जोडलेला असतो ती सबफ्रेम यांच्यावरचा ताण एकदा वाढतो आणि एकदा कमी होतो.

धातूचा थकवा

ताणाच्या अशा पुनरावृत्तीने धातू थकतो, ही गोष्ट अभियंत्यांना रेल्वेने शिकवली. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि त्या अपघातात पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. नेहमीचा भार रोज वाहणारा आस एके दिवशी अचानक का तुटावा, हा प्रश्न त्यानंतर युरोपभर चर्चिला गेला. जर्मन रेल्वे अभियंता ऑगस्ट व्योलर यांनी १८५० आणि १८६० च्या दशकांत आसांवर पद्धतशीर प्रयोग करून त्याचे उत्तर दिले. एका वेळी जो भार धातू सहज पेलतो, त्याहून पुष्कळ कमी भार वारंवार पडला तरी धातू मोडू शकतो. ताण जितका अधिक, तितक्या कमी फेऱ्यांत तो मोडतो.

थकव्याचा तडा नेहमी एखाद्या दुबळ्या जागी जन्म घेतो. धारदार कोपरा, गंजाचा खळगा, ओरखडा किंवा छिद्राची कड अशा ठिकाणी ताण एकवटतो. तेथे सुरू झालेला तडा प्रत्येक हेलकाव्याबरोबर किंचित पुढे सरकतो. दीर्घकाळ तो डोळ्यांना दिसतही नाही. शेवटी उरलेला धातू भार पेलण्यास अपुरा पडतो आणि भाग एका झटक्यात तुटतो.

टाक्याच्या शेजारी काय घडते?

वेल्डिंग करताना पोलाद सुमारे दीड हजार अंश सेल्सिअसला वितळते. ठिणगीची जागा थंड झाल्यावर तिथे नवा, भक्कम धातू तयार होतो आणि कारागिराचे लक्ष त्या शिवणीवरच असते. दुखणे मात्र बहुधा शिवणीच्या कडेला सुरू होते.

पहिले कारण आकाराचे आहे. वेल्डिंगची उंच शिवण जिथे मूळ पत्र्याला मिळते, तिथे एक बारीक खाच तयार होते. त्या कडेवर मळीचे सूक्ष्म कण अडकलेले असतात. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे हे दोष म्हणजे तडा सुरू होण्यासाठी आयतीच जागा. म्हणजे साध्या पत्र्यात तडा जन्मण्यास जो काळ लागला असता, तो वेल्डिंगच्या कडेला जवळजवळ लागतच नाही.

दुसरे कारण अंतर्गत ताणाचे आहे. वितळलेला धातू थंड होताना आकसतो, परंतु शेजारचा थंड पत्रा त्याला मोकळेपणे आकसू देत नाही. त्यामुळे गाडीवर कोणताही भार नसतानाही त्या जागी मोठा ताण कोंडलेला राहतो.

तिसरे कारण धातूच्या रचनेचे आहे. शिवणीला लागून असलेला काही मिलिमीटरचा पट्टा वितळत नाही, पण लालबुंद होतो आणि वेगाने थंड होतो. साध्या, कमी कार्बनच्या पोलादाला याचा फारसा त्रास होत नाही. कार्बनचे प्रमाण वाढले की हाच पट्टा कडक आणि ठिसूळ बनतो. त्यात ओलसर रॉडमधील हायड्रोजन शिरला, तर काम संपून काही तास उलटल्यावरही आतल्या आत तडा जाऊ शकतो.

वेल्डिंग अभियांत्रिकीतील एक निष्कर्ष सर्वसामान्यांना अनपेक्षित वाटेल. साध्या वेल्डिंगच्या जोडाची थकवा सोसण्याची क्षमता मूळ पोलाद किती उच्च दर्जाचे आहे यावर जवळजवळ अवलंबून नसते. महागडे पोलाद वापरून पट्टी मारली, म्हणून जोड अधिक टिकेल असे नाही. अशा जोडावरील ताणाची व्याप्ती दुप्पट झाली, तर त्याचे आयुष्य साधारण आठव्या हिश्शावर येते.

कोणते भाग वेल्ड करू नयेत?

सस्पेन्शनमधील सर्व भाग एकाच धातूचे नसतात आणि नुसते पाहून धातू ओळखता येत नाही, हा घरगुती कामातील मोठा अडसर आहे.

स्प्रिंग आणि पाटे: कॉइल स्प्रिंग, ट्रक-जीपचे पाटे, टॉर्शन बार आणि अँटी-रोल बार स्प्रिंग पोलादाचे असतात. त्यात साध्या पोलादाच्या कित्येक पट, म्हणजे सुमारे अर्धा टक्का कार्बन असतो. लोहाराच्या भाषेत सांगायचे तर या पोलादाला पाणी दिलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने शिवणीलगतचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो आणि त्यापलीकडच्या भागाचे पाणी उतरते. तुटलेला पाटा जोडून चालवणे म्हणजे तो त्याच जागेच्या आसपास पुन्हा तुटण्याची सोय करणे होय. तो बदलणे हाच मार्ग आहे.

घडीव आणि ओतीव भाग: स्टिअरिंग नकल, टाय रॉड, बॉल जॉइंटचा खुंट यांसारख्या भागांवर चाक आणि सुकाणू या दोहोंची जबाबदारी असते. त्यांना विशिष्ट उष्णतासंस्कार दिलेले असतात. वेल्डिंगने ते नष्ट होतात आणि घरी पुन्हा देता येत नाहीत.

अ‍ॅल्युमिनियमचे आर्म: उष्णतासंस्कारित अ‍ॅल्युमिनियमची ताकद वेल्डिंगच्या पट्ट्यात मोठ्या प्रमाणात घटते.

उच्च ताकदीचा पत्रा: अलीकडच्या अनेक मोटारींचे आर्म वजन कमी राखण्यासाठी पातळ, परंतु उच्च ताकदीच्या पोलादाचे केलेले असतात. उष्णतेने तो पत्रा शिवणीच्या शेजारी मऊ पडतो. वरून मात्र तो साध्या पत्र्यासारखाच दिसतो.

राहिले ते साध्या पोलादाच्या जाड पत्र्याचे दाबून घडवलेले आर्म, एक्सलवरील बैठका आणि सांगाड्यावरचे कंस. वेल्डिंगने बळकटी आणण्याचा विचार केवळ याच भागांबाबत संभवतो.

पट्टी मारली, तडा सरकला

याही भागांवर पट्टी मारताना एक चूक सर्रास घडते. तडा जिथे गेला तिथे मिळेल ती जाड पट्टी ठेवून चारही बाजूंनी शिवण मारली जाते. पत्र्याची जाडी दुप्पट झाली की त्याचा ताठपणा आठपट होतो. आर्मचा मधला भाग असा एकदम ताठ झाला की तो वाकणे टाळतो आणि सगळे वाकणे पट्टीच्या टोकाशी येऊन थांबते. नेमकी तिथेच भाराच्या दिशेला आडवी अशी शिवण असते. परिणामी जुना तडा झाकला जातो आणि नवा तडा पट्टीच्या कडेला सुरू होतो. काही वेळा आर्म टिकतो, परंतु त्याचा भार सबफ्रेमच्या पातळ पत्र्यावर जाऊन तो फाटतो. आर्म बदलणे काही हजारांचे काम असते, सांगाडा दुरुस्त करणे त्याहून कितीतरी खर्चिक ठरते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. जोरदार आघात झाला असता काही आर्म तुटण्याऐवजी वाकावेत, अशीच त्यांची रचना असते. वाकलेला आर्म स्टिअरिंग ओढून चालकाला इशारा देतो. अतिताठ केलेला आर्म असा इशारा देईलच, याची शाश्वती राहत नाही.

मग रॅलीच्या गाड्यांचे काय?

वेल्डिंगच्या बाजूने नेहमी रॅलीच्या गाड्यांचा दाखला दिला जातो आणि तो खोटा नाही. १९७० मध्ये लंडनहून निघून मेक्सिकोत संपलेल्या सुमारे २५ हजार किलोमीटरच्या रॅलीत हानू मिकोला आणि गुन्नार पाम यांची फोर्ड एस्कॉर्ट विजयी ठरली. त्या काळापासून रॅलीसाठी तयार होणाऱ्या गाड्यांच्या सांगाड्याचे सांधे जादा वेल्डिंगने बळकट करणे आणि सस्पेन्शनच्या बैठकांवर आधारपट्ट्या बसवणे ही प्रस्थापित पद्धत आहे. भारतातही १९९९ मध्ये सुरू झालेल्या रेड द हिमालयसारख्या स्पर्धांत उतरलेल्या जिप्सी गाड्यांवर असे काम होत आले आहे.

मात्र रॅलीतील वेल्डिंग आणि अंगणातील वेल्डिंग यांच्यात मूलभूत अंतर आहे. रॅलीत भाग गाडीवरून उतरवला जातो. रंग, गंज आणि जस्ताचा थर काढून धातू लख्ख केला जातो. वाकू नये म्हणून तो साच्यात घट्ट धरला जातो. पट्टी मूळ पत्र्याच्या जातीची आणि जवळपास त्याच जाडीची घेतात, तिची टोके निमुळती व कोपरे गोल ठेवतात, शिवण शक्यतो आर्मच्या लांबीच्या दिशेने जाते आणि सर्वाधिक ताणाची कड मोकळी सोडली जाते. तडा असेल तर त्याच्या टोकाशी छिद्र पाडून आणि तो पूर्ण खरवडून मगच भरला जातो. कोरडे, कमी हायड्रोजनचे रॉड किंवा वायूच्या आवरणातील वेल्डिंग वापरले जाते. शेवटी भेगांत शिरणारे रंगीत द्रव लावून शिवणीची तपासणी होते.

त्याहून महत्त्वाचा फरक वापरात आहे. रॅलीच्या गाडीखाली मिस्त्री टप्प्याटप्प्याला शिरून प्रत्येक जोड पाहतो. संशय येताच भाग टाकून दिला जातो. आत बसलेल्यांच्या डोक्यावर हेल्मेट, अंगावर अनेक पट्ट्यांचा सुरक्षापट्टा आणि भोवती पोलादी पिंजरा असतो. कुटुंबाच्या गाडीचा लोअर आर्म मात्र एकदा बसवला की पुढची कित्येक वर्षे कोणी पाहत नाही आणि मागच्या आसनावर मुले बसलेली असतात.

घरी काम करतानाचे धोके

वेल्डिंग करणाऱ्याच्या जिवाला असलेले धोके वेगळेच आहेत. गाडीखाली ठिणगी पडते तिथे इंधनाची टाकी व नळ्या, ब्रेकचे रबरी पाइप आणि अंडरकोटिंग जवळच असते. शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये तेल आणि अनेकदा मोठ्या दाबाचा नायट्रोजन असतो. तो तापला तर फुटू शकतो, म्हणून त्याच्या नळीवर किंवा लगत कधीही वेल्डिंग करू नये.

जस्ताचा थर असलेला पत्रा जाळल्यास निघणाऱ्या पांढऱ्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेला भाग त्यावर द्रव शिल्लक असताना वेल्ड केला, तर उष्णता आणि अतिनील किरणांमुळे फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतो. उघड्या डोळ्यांनी ठिणगी पाहिल्यास रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी वेदना सुरू होते. शेजारी उभे राहून पाहणाऱ्या मुलांनाही हा त्रास होतो.

गाडीलाही इजा होते. वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प चुकीच्या जागी लावल्यास विद्युतप्रवाह चाकाच्या बेअरिंगमधून वाहतो आणि त्याच्या गोळ्यांवर खड्डे पडतात. बॅटरी न काढता काम केल्यास एबीएस, एअरबॅग आणि इंजिनाचे नियंत्रक निकामी होण्याची शक्यता असते. उष्णतेने रबरी बुश आणि बॉल जॉइंटचे ग्रीस जळते, ते निराळेच. केवळ जॅकवर टेकलेल्या गाडीखाली तर कोणत्याही कामासाठी शिरू नये.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांपेक्षा वेगळे ठरतील असा फेरबदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात या कलमाचा हाच आशय स्पष्ट केला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

झिजलेल्या भागाच्या जागी त्याच प्रकारचा भाग बसवणे ही दुरुस्ती असते, त्यास कायद्याचा अडसर नाही. सस्पेन्शनची उंची, बैठका किंवा रचना बदलणारे वेल्डिंग मात्र फेरबदलाच्या कक्षेत येऊ शकते. शिवाय कलम १९० नुसार, जो दोष चालकाला ठाऊक होता किंवा साध्या काळजीने कळू शकला असता, अशा दोषासह सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवणे हा गुन्हा आहे. अपघातानंतर तुटलेल्या आर्मवर घरगुती शिवण आढळली, तर विमा कंपनीही दाव्याबाबत प्रश्न उपस्थित करू शकते.

वाहनमालकाने काय करावे?

खडखड, स्टिअरिंगचे ओढणे किंवा टायरची एकतर्फी झीज जाणवताच गाडी उचलून तपासून घ्यावी. आर्मच्या कडा, बुशच्या बैठका आणि कारखान्यातील मूळ शिवणी स्वच्छ पुसून उजेडात पाहाव्यात. रंगावर गंजाची बारीक रेघ दिसली तर ती तडा समजूनच पुढील तपासणी करावी. तडा निघाल्यास आर्म बदलावा आणि चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. भंगारबाजारातील भाग घेताना त्यावर पूर्वी टाका मारलेला नाही ना, हे रंगाखालीही पाहावे.

दुर्गम ठिकाणी आर्म तुटला आणि टाका मारण्यावाचून गत्यंतर नसले, तर तो टाका अगदी हळू वेगाने, शक्यतो रिकामी गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यापुरताच मानावा. तिथे पोहोचल्यावर तो भाग काढून टाकावा. बळकटी खरोखरच हवी असेल, तर साध्या पोलादाच्या भागापुरते ते काम प्रशिक्षित वेल्डरकडून, भाग उतरवून आणि तपासणीसह करून घ्यावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये वेल्डर हा एक वर्षाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, यावरूनच या कौशल्याची खोली लक्षात यावी.

घराचे फाटक, गच्चीवरील पत्र्याची शेड किंवा बागेतील बाक वेल्ड करणे हा उपयुक्त छंद आहे. त्यांचा सांधा निखळला तर तो पुन्हा जोडता येतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीचे चाक निखळले, तर चूक सुधारण्यास दुसरी संधी मिळेलच असे नाही आणि तिची किंमत समोरून येणाऱ्या अनोळखी माणसालाही मोजावी लागू शकते.